शंभर मीटर, बारा-चार

८ जानेवारी

प्रिय भिंगरी,

शुक्रवारी संध्याकाळी मागच्या पायरीवर बसून आपण कॅनव्हासचे बूट पांढरे करायचो, आठवतं? वर्गातून उचललेले खडूचे तुकडे मी वाटीत भिजवायचे आणि तू ते बोटानंच फासायचीस. फासायचीस तेही फक्त पुढच्या बाजूला. टाचा मळक्याच राहायच्या. मी रागावले की म्हणायचीस, "ताई, माझ्या टाचा बघणार कोण? ज्या मागे राहिल्या त्या. त्यांना मळकंच दिसू दे." आणि आई आतून म्हणायची, "हिची जीभ हिच्या पायांपेक्षा जोरात पळते."

बावीस वर्षांनी लिहिते आहे. तुझा फोन नंबर आत्याच्या मुलीनं दिला, पण फोन तू लगेच ठेवशील याची खात्री आहे. पत्र न वाचता बाजूला ठेवलंस तरी ते घरात तरी राहील.

मी अजून शाळेतच आहे. आपल्याच. मार्चअखेर निवृत्त होईन. आपल्या वेळी बस शाळेच्या फाटकाशी संपायची आणि पुढे नुसतं माळरान होतं. आता चारी बाजूंनी इमारती आल्यात, आणि मैदान हीच काय ती मोकळी जागा उरली आहे. टेनिस कोर्टावर शिक्षकांच्या गाड्या उभ्या असतात. चॅपलची घंटा मात्र तीच, आणि तिची दोरी ओढणाऱ्या सिस्टरही तितक्याच बुटक्या. पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर गेली, म्हणून माझे गुडघे गेले. आणि सभागृहातला विक्रमांचा फलक तसाच आहे. 'शंभर मीटर' या ओळीपुढे एक्केचाळीस वर्षं तुझंच नाव आहे. बारा पूर्णांक चार सेकंद.

आता कामाचं सांगते. नुसत्या आठवणी काढायला ताईनं पत्र लिहिलं नसेल, हे तू ओळखलं असशीलच.

दहावीत एक मुलगी आहे. सगळ्या तिला काडी म्हणतात, कारण ती आहेच तशी. आई इस्पितळाच्या लॉन्ड्रीत चादरी धुते. काडी पळते. गेल्या महिन्यात सरावात तिनं बारा-पाच वेळ नोंदवली. पण अभ्यासात बेताची, चोपन्न टक्क्यांवर अडकलेली. अकरावीला आपल्याकडे सत्तर लागतात. त्यात एक सूट आहे, तुला माहीतच असेल: शाळेचा विक्रम मोडणाऱ्या मुलीला गुण न बघता जागा. मुली तिला 'फलकाची जागा' म्हणतात. मोडला नाही तर काडी जूनपासून आईबरोबर लॉन्ड्रीत. तिच्या आईनं मला स्वच्छ सांगितलं, "मिस, मला हौस नाही, पण दुसरा रस्ता दाखवा."

वार्षिक खेळ वीस तारखेला आहेत, आणि जागा ठरवणारी समिती तीसला बसते.

मला तुझ्या त्या शर्यतीबद्दल थोडं विचारायचं आहे. त्या दिवशी वेळ मोजण्यात जरा गडबड झाली असावी, अशी मला शंका आहे. सविस्तर पुढच्या पत्रात लिहीन. तब्येतीला जप.

तुझी ताई


१५ जानेवारी

प्रिय भिंगरी,

पोचपावती आली. त्यावर तुझी सही आहे, तीच लांब शेपटीची. म्हणजे पत्र तुझ्या हातात पडलं. उत्तर आलेलं नाही. आठवडाच झालाय, मी घाई करत नाही. करते आहे, पण लिहिणार नव्हते.

काल नववी-दहावीला एकत्र मैदानावर नेऊन ध्वनीच्या वेगाचा धडा घेतला. दरवर्षी घेते. एक मुलगी पलीकडच्या टोकाला उभी राहून दोन फळ्या आपटते. इकडून आधी फळ्या आपटलेल्या दिसतात आणि आवाज मागून येतो. शंभर मीटरला साधारण तीन दशांश सेकंद. तीस वर्षं शिकवते आहे, तोंडपाठ आहे.

काडी कधी वर्गात तोंड उघडत नाही. काल हात वर केला.

"मिस, मग शर्यतीचा टाइम कशावर लावतात? बघून की ऐकून?"

"बघून. पिस्तुलाचा धूर दिसला की घड्याळ दाबायचं."

"आणि कुणी चुकून आवाजावर दाबलं तर?"

"तर घड्याळ उशिरा सुरू होईल."

"म्हणजे पळणारीला तीन दशांश फुकट मिळणार!"

मागून कुणीतरी म्हणालं, "आपल्या मिसना विचारून बघ, फुकट देतात का." सगळ्या हसल्या. या शाळेत मी कंजूष टाइमकीपर म्हणून प्रसिद्ध आहे. धुरावर बोट, दशांशसुद्धा सोडत नाही. त्या हसल्या तशी मीही हसले. मग घंटा झाली असं सांगून त्यांना वर्गात पाठवलं. घंटेला अजून दहा मिनिटं होती.

तुझ्या लक्षात आलं असेल. त्या वर्षी तुझ्या शर्यतीत घड्याळ माझ्या हातात होतं. टिकटिक सिस्टर नेहमी वेळ लावायच्या, पण आठशे मीटरला एक मुलगी उन्हानं चक्कर येऊन पडली, त्या तिच्याकडे धावल्या आणि जाता जाता घड्याळ माझ्या हातात कोंबलं. मी बारावीत होते, त्यांची मदतनीस होते. त्यांनी शिकवलेलं होतं, "डोळ्यानं दाब, कानानं नाही." पण ऊन समोरून येत होतं. माझे डोळे दिपले, धूर दिसला नाही, आणि मी आवाजावर दाबलं.

म्हणजे तुझी वेळ बारा-चार नव्हती. बारा-सात होती. आधीचा विक्रम बारा-सहाचा होता, हे तुला माहीत आहे.

सिस्टर प्रिन्सिपलना काल हे सांगितलं. त्या माझ्याच विद्यार्थिनी, अजून मला 'मिस' म्हणतात. मग म्हणाल्या, "मिस, एक्केचाळीस वर्षांनी एका माणसाच्या शब्दावर मी नाव कसं पुसू? आणि ते माणूस सख्खी बहीण. उद्या लोक म्हणतील, घरचं भांडण फलकावर आलं. ज्यांचं नाव आहे त्यांची संमती आणा."

म्हणून विचारते. दोन ओळी लिहून सही केलीस तरी पुरे.

तुझी ताई


२१ जानेवारी

भिंगरी,

काल खेळ झाले. आधी ते सांगते, मग दुसरं.

शर्यतीपूर्वी काडी माझ्याजवळ आली. पहिल्या क्रमांकाचं घड्याळ माझ्याच हातात असतं. "मिस, बारा-तीन व्हायला हवा ना?" मी म्हटलं, "तू पळ. हिशेब माझ्यावर सोड." तोंडातून निघून गेलं, आणि मग लक्षात आलं, मी काय बोलले. कारण हिशेब खरंच माझ्याकडे होता. मी कानानं दाबलं असतं तर तिला बारा-दोन मिळाले असते. कुणाला कळलं नसतं. तिला जागा मिळाली असती, तुझं नाव सन्मानानं खाली उतरलं असतं, तुला पत्र लिहायची गरज उरली नसती, आणि मी मार्चमध्ये हार घालून घेऊन घरी गेले असते. एकदा केलं होतं, दुसऱ्यांदा करायला काय लागतं?

खेळाच्या मिसनी पिस्तूल वर धरलं. मी नजर त्याच्यावर ठेवली. चुना मारलेल्या रेषा उन्हात थरथरत होत्या. आयुष्यात मला कुठल्या दोन सेकंदांची इतकी भीती वाटली नाही. अंगठा दाबायचा की थांबायचा, हे मला शेवटपर्यंत माहीत नव्हतं.

धूर दिसला आणि मी दाबलं.

बारा-पाच. दुसरी मुलगी चार ढांगा मागे. काडी वाळूत गुडघ्यावर बसली होती. वर बघून तिनं विचारलं, "मिस, किती?" सांगितल्यावर तिनं नुसती मान हलवली, दुकानात वस्तू संपली सांगितल्यावर हलवतात तशी. तिची आई कुंपणापाशी कामाच्या कपड्यांत उभी होती. पोरगी पहिली आली म्हणून टाळ्या वाजवत होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं, की पहिलं येऊन भागत नाही.

आता दुसरं.

ऊन समोरून नव्हतं. आपली शर्यत दुपारी साडेतीनला होती आणि सूर्य माझ्या पाठीशी होता. मागच्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. बावीस वर्षांनी लिहिलेल्या दुसऱ्याच पत्रात.

मी पिस्तुलाकडे बघतच नव्हते. मी तुझ्याकडे बघत होते. बाबा त्या सकाळी सगळ्यांसमोर म्हणाले होते, "रेकॉर्ड मोडलंस तर क्रीडा वसतिगृहात जा. नाहीतर सोमवारपासून दुकानात काजं करायला बस." तू रेषेवर वाकली होतीस आणि मला तुझी बोटं दिसत होती. शिवणयंत्रापाशी बसलेली तू मला डोळ्यासमोर दिसत होतीस. आवाज कानावर आला तेव्हा तू आधीच उठली होतीस, आणि मग माझा अंगठा हलला. इथपर्यंत चूक होती. ती कुणाकडूनही होते.

टिकटिक सिस्टर परत आल्या, घड्याळ पाहिलं, भुवया वर गेल्या. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "धूर दिसला ना?"

मी म्हणाले, "हो, सिस्टर."

तू दोन्ही हात पसरून माझ्याकडे धावत येत होतीस.

त्या शर्यतीनंतरच्या शनिवारी मी चॅपलमध्ये कबुली दिली. जाळीपलीकडून फादर म्हणाले, "देव क्षमा करतो. आता जाऊन बहिणीला सांग." मी तीनदा 'नमो मरिया' म्हटलं, हलकी होऊन बाहेर आले, आणि त्यांचं दुसरं वाक्य मी ऐकलंच नाही, असं ठरवून टाकलं. क्षमा मिळाली म्हणजे काम संपलं, असं मला वाटलं. आपल्याला तसंच शिकवलं होतं. किंवा मी तेवढंच शिकले.

ताई


२४ जानेवारी

भिंगरी,

तिसऱ्या पत्राची पोचपावतीही आली. तुझी सही आहे. उत्तर नाही.

आज स्टाफरूममध्ये चहा पिताना गणिताच्या मिस म्हणाल्या, "काडीचं वाईट वाटतं, पण शेवटी नियम तो नियम. एक्केचाळीस वर्षांपूर्वी एक मुलगी करू शकली, तर हिला का नाही? मेहनत कमी पडली." ते वाक्य माझं होतं.

बावीस वर्षांपूर्वी, बाबांच्या दफनविधीनंतर आपण जेवायला बसलो होतो, तुझ्या ताटात वाढलेलं तसंच होतं. तू म्हणालीस की बाबांनी तुला कधी माफ केलं नाही, वसतिगृहातून हात हलवत परत आलीस म्हणून. आणि मी, ज्या एका माणसाला खरं माहीत होतं ती मी, म्हणाले, "एकदा जमलं होतं ना? मग पुन्हा का नाही जमलं? तू अंग चोरलंस."

का म्हणाले, याचा मी बावीस वर्षं शोध घेतला. बाबांना खांदा तू दिलास, त्याचा राग होता, दमलेली होते, असं बरंच सापडतं. पण खरं असं आहे, की तू आळशी ठरलीस तर माझं घड्याळ बरोबर ठरत होतं. तू ताट सरकवलंस आणि उठलीस. मी हाकही मारली नाही.

आणि आता तुझी सही मागते आहे. आज कळलं की तीही पळवाटच आहे. तू गप्प राहिलीस तर मी समितीला सांगणार, "बघा, बहीण संमती देत नाही, माझा नाइलाज." सगळं खापर पुन्हा तुझ्याच डोक्यावर.

म्हणून ठरवलं आहे. तुझी सही येवो न येवो, तीसला मी समितीपुढे उभी राहून सांगणार, आणि त्यानंतरच्या सोमवारी सकाळच्या प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेपुढे. पहिलीच्या मुलींपासून. सिस्टर प्रिन्सिपल म्हणाल्या, "मिस, निवृत्तीला दोन महिने राहिलेत. तीस वर्षांतल्या मुली तुम्हाला कशासाठी ओळखतात, ठाऊक आहे ना? त्या धुरावरच्या बोटासाठी." मी म्हटलं, "म्हणूनच."

तुला आधी सांगते, कारण या वेळी तुला तरी दुसऱ्याच्या तोंडून कळू नये.

ताई


२९ जानेवारी

प्रिय भिंगरी,

मधल्या सुट्टीत तुझा फोन आला, तेव्हा मी प्रयोगशाळेत चंचुपात्रं पुसत होते. माझ्या आयुष्यातला तो सर्वात छोटा 'हॅलो' असेल. जे बोलणं झालं ते मी इथे उतरवून ठेवते. तू म्हणालीस तसंच, माझ्याकडून काही न घालता. मला ते विसरायचं नाही, आणि माझ्या सोयीनं लक्षातही ठेवायचं नाही.

"बारा-सात?"

"बारा-सात."

"नक्की?"

"तीन दशांश. वर्गात शिकवते मी."

मग तू सांगू लागलीस.

"वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात मी बारा-सात पळाले. कोच म्हणाले, हवा बदलली, होईल नीट. सहा महिन्यांनी बारा-सहा. म्हणाले, घरची आठवण येते का? दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये बारा-पाच. त्या दिवशी मी ट्रॅकच्या कडेला बसून रडले. ताई, तो माझा सगळ्यात चांगला दिवस होता, आणि मी रडले."

"भिंगरी—"

"मधे बोलू नकोस. बाकीच्या पोरींचा एक दशांश कमी झाला तरी त्यांना उचलून घ्यायचे. मला विचारायचे, काय बिनसलंय? मी उपाशी राहून पाहिलं. पहाटे दोन तास जास्त पळून पाहिलं. मांडीचा स्नायू फाटला तो तेव्हा. मी पुढे चालले होते गं. आणि सगळ्या जगाला, मलासुद्धा, वाटत होतं की मी घसरते आहे."



मग तू विचारलंस, "वीस तारखेला त्या पोरीचं घड्याळ धुरावर दाबलंस ना?"

"हो."

"कसं मानू?"

तूच म्हणालीस, "खोटंच करायचं असतं तर बारा-तीन लावून मोकळी झाली असतीस. एवढी पत्रं कशाला लिहिली असतीस?" आणि हसलीस. बरं हसणं नव्हतं ते, पण तुझंच होतं.

"सही करते. तुला माफ केलं म्हणून नाही. ते मला अजून माहीत नाही. त्या पोरीला माझ्यासारखं रडवायचं नाही, एवढ्यासाठी."

त्यानंतर तू सिस्टर प्रिन्सिपलशी बोललीस. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "तुम्हा दोघींचा शब्द मिळाला. उद्या समितीत अडचण येणार नाही. कागद आठवड्यात आला तरी चालेल." काडीची जागा झाली. तिला अजून सांगितलेलं नाही, उद्या समितीनंतर त्याच सांगतील. मी सांगणार नाही. तिच्या आनंदात माझा वाटा असू नये.

तू विचारलंस, काय कुणाला पाठवायचं. ते असं:

सहीचं पत्र सिस्टर प्रिन्सिपलच्या नावानं पाठव, शाळेच्या पत्त्यावर, रजिस्टर करून. माझ्या हातात देऊ नकोस.

त्याची एक प्रत बारा-सहाचा विक्रम जिचा होता, तिच्या मुलीला. ती स्वतः दोन वर्षांपूर्वी गेली. मुलगी पलीकडच्या उपनगरात दातांची डॉक्टर आहे, पत्ता तिच्यासाठी सोबत जोडलेल्या चिठ्ठीवर दिला आहे. चिठ्ठीत मी लिहिलं आहे की तिच्या आईचं नाव माझ्यामुळे पुसलं गेलं, आणि फलकावर आता ते काडीच्या ओळीआधी पुन्हा लागेल. तू वेगळं काही लिहायची गरज नाही.

घड्याळ आजच खेळाच्या मिसकडे देते आहे, त्यांना कसं दाबायचं ते मुली शिकवतील.

फलकावरची तुझ्या नावाची पितळी पट्टी उतरवतील. ती मी मागणार नाही. तुला हवी असेल तर सिस्टरना कळव, पाठवतील. नको असेल तर भंगारात जाऊ दे.

काडीला तुझ्याकडून काही पाठवावंसं वाटलं तर फक्त तुझ्या त्या मार्चची तारीख आणि बारा-पाच एवढंच लिहून पाठव. ती तुला ओळखत नाही, पण हा आकडा तिच्याइतका कुणाला कळणार नाही.

मला काही पाठवायचं नाही. मी पोस्टमनची वाट बघणार नाही, असं लिहिणार होते. पण तुला आता खोटं लिहायचं नाही असं ठरवलं आहे. वाट बघेन.

तुझी ताई